पहिल्या दिवसाची शपथ

वॉशिंग्टन, १८ ऑक्टोबर १८८७

प्रिय थर्झा,

सुखरूप पोचलो. खोली तीच, घरमालकीण तीच, आणि तिचं उकडलेलं मटणही गेल्या मार्चमधलंच असावं असा मला संशय आहे. अधिवेशनाला दीड महिना असताना इतक्या लवकर कशाला निघालात, असं तू विचारलंस आणि मी पोस्टाच्या कामांचं काहीतरी सांगितलं. खरं कारण आता सांगतो. म्हातारे टॉलिव्हर उन्हाळ्यात गेले, हे तू वाचलं असशीलच. आता सभागृहाचे वडील कोण, हे ठरायचं आहे.

सर्वांत जास्त काळ सलग निवडून आलेला तो सभागृहाचा वडील. पहिल्या दिवशी सभापतीला शपथ तोच देतो. माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट जागेची. दर नव्या सभागृहात आम्हा सव्वातीनशे जणांना खुर्च्या सोडून मागे कठड्यापाशी उभं करतात आणि पेटीतून आकड्यांच्या गोट्या काढतात. ज्याचा आकडा आधी निघेल त्यानं आधी जागा धरायची. मागच्या खेपेला माझी गोटी शेवटून अकरावी निघाली आणि दोन वर्षं मी गॅलरीखाली, शेवटच्या रांगेत काढली. माझा डावा कान तुला माहीत आहे. उजवाही त्याच वाटेला लागलाय, हे तुला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत काय ऐकलं म्हणशील, तर लोकांचे खोकले. शेजारच्यानं हात वर केला की मीही करायचो. वडिलांना मात्र गोट्या काढण्याआधीच हवी ती जागा घेऊ देतात.

आता उरलो दोघं, मी आणि पेनसिल्व्हेनियाचा स्टौफर. दोघंही त्रेसष्टच्या डिसेंबरात आलो, दोघंही त्यानंतर एकदाही पडलो नाही. पण मोजणी शपथेच्या दिवसापासून होते. त्याची शपथ सातव्या तारखेची, म्हणजे पहिल्या दिवसाची. माझी चौदाव्या तारखेची, आपल्या वॉरनला मातीत ठेवून परत आल्यानंतरची. सदस्यांच्या परिचयाच्या पुस्तकात तसं छापलेलं आहे आणि ते मीच लिहून दिलं होतं: 'एकुलत्या एका मुलाच्या आजारपणामुळे पहिल्या दिवशी शपथ न घेता घरी परतले.' स्टौफर ते पान उघडून सगळ्यांना दाखवत फिरतो, आणि वर माझ्या खांद्यावर हात ठेवून हळहळतो. सात दिवसांनी मी धाकटा ठरलो.

तुझा,
अल्फियस


ईस्ट हॅलम, व्हरमाँट, २४ ऑक्टोबर

प्रिय अल्फियस,

उजव्या कानाचं मला माहीत नव्हतं, असं तुम्हाला वाटतं याची गंमत वाटली. गेली दोन वर्षं जेवताना तुम्ही बशीकडे बघून 'हो, हो' म्हणता. एकदा मी गाईला तुमचं नाव ठेवू का म्हणून विचारलं होतं, त्यालाही हो म्हणालात.

स्टौफरला घेऊ दे ती खुर्ची. तुम्हाला ते सात दिवस गेल्यासारखे वाटतात, मला तसं वाटत नाही. चोवीस वर्षं राजकारणानं तुम्हाला माझ्यापासून घेतलं, तेवढे सात दिवस काय ते माझे. तुम्ही शपथ टाकून धावत आलात हे मी विसरलेली नाही. उशीर झाला तो तुमच्यामुळे नाही.

उशीर कुणामुळे झाला त्याची बातमी आहे. लेव्हाय आजारी आहे. शेजारची हल्डा सांगत आली, टेकडीपलीकडे त्या खोपटात एकटाच पडून असतो, छातीत कफ भरलाय, यंदा बर्फ वितळेपर्यंत टिकत नाही म्हणे. "तुझा सख्खा भाऊ आहे, थर्झा," असं म्हणून माझ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, मला भाऊ होता तो त्रेसष्टपर्यंत.

तुम्हाला वाटेल बाईचं मन दगडाचं आहे. पण मी विसरू कशी? शनिवारी सकाळी वॉरनचा घसा पार बंद झाला, डॉक्टर घटसर्प म्हणाला, आणि मी तारेचा कागद लेव्हायच्या हातात दिला. 'वाटेत कुठे थांबू नकोस' एवढंच सांगितलं. परत आला तो संध्याकाळी, तोंडाला सफरचंदाच्या दारूचा वास. आणि तार तुमच्या हातात पडली सोमवारी दुपारी. बायबलवर हात ठेवून म्हणत होता, "शनिवारी दहाच्या आत दिली, ताई, मग परतताना घेतली." तारेवाला पुढे लढाईत गेला, त्याला विचारायचीही सोय राहिली नाही. त्याच्या छातीतल्या कफाची दया येण्याआधी मला बायबलवरचा तो हात आठवतो.

सफरचंदं उतरवून झाली. यंदा लहान आहेत.

तुमची,
थर्झा


वॉशिंग्टन, ५ नोव्हेंबर

प्रिय थर्झा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. लेव्हायबद्दल एवढंच म्हणतो, की चोवीस वर्षं पुष्कळ झाली. माणसाच्या हातून काय काय होतं. काही गरम करून पाठव. गेलीस तरी मला वाईट वाटणार नाही, उलट बरंच वाटेल.

इकडे वडीलपणाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. स्टौफर परवा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला, "ब्रेनर्डसाहेबांनी पुढे बसून तरी काय करायचं, त्यांना मागेच झोप चांगली लागते." सगळे हसले. मीही हसलो, काही ऐकू न येताच; वाक्य मला शेजाऱ्यानं नंतर सांगितलं, तोवर हसणं संपत आलं होतं. त्या रात्री मी ठरवलं की गप्प बसायचं नाही. चिटणिसांच्या कचेरीत जुनी दप्तरं आहेत, त्यांत काही नियमाच्या बाबी तपासता येतात. फार तांत्रिक आहे, तुला कंटाळा येईल. वर्तमानपत्रात माझ्याबद्दल काही उलटसुलट आलं तर मनावर घेऊ नकोस. हे लोक हातात येईल ते छापतात.

काम झालं तर मात्र तू यायचंस. वडिलांच्या पत्नीला गॅलरीत पहिली खुर्ची असते. इतक्या वर्षांत तू एकदाही वॉशिंग्टन पाहिलं नाहीस, ते माझ्या मनाला लागून आहे.

तुझा,
अल्फियस


ईस्ट हॅलम, १२ नोव्हेंबर

प्रिय अल्फियस,

काळा रेशमी झगा उसवून पुन्हा शिवायला घेतला आहे. बाह्या आता कुणी तशा घालत नाही असं हल्डाची सून म्हणते. यायचं म्हणते मी. एकदा बघू तरी, माझा नवरा माझ्याशिवाय कुणासमोर हो म्हणत बसतो ते.

तुम्ही त्याच्यासाठी शब्द टाकलात म्हणून लेव्हायला हल्डाच्या हाती कोंबडीचा रस्सा पाठवला. तुमचं मन माझ्यापेक्षा मोठं आहे. मुलगा तुमचाही होता, आणि तरी तुम्ही त्याला एकदाही दोष दिला नाहीत, हे मला आज पहिल्यांदा नीट लक्षात आलं. तेव्हा मी त्याला दाराबाहेर काढलं, त्यानंतर गावानं काढलं. चर्चमध्ये त्याच्या बाकावर कुणी बसेना. लग्न ठरलं होतं तेही मोडलं. तुम्ही मात्र त्याच्या नावानं कधी वाकडा शब्द काढला नाहीत.

भांडं घासून परत आलं. निरोप काही नाही. हल्डा म्हणाली, "रस्सा कुणाचा ते त्यानं वासावरून ओळखलं. तुमच्या आईच्या हातचा लवंगेचा वास." मी विषय बदलला.

कुठल्या गाडीनं यायचं ते कळवा.

तुमची,
थर्झा


ईस्ट हॅलम, २१ नोव्हेंबर

अल्फियस,

आजच्या जिल्हा वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आहे, मोठ्या अक्षरात: 'आपले ब्रेनर्ड सभागृहाचे वडील. चिटणिसांनी जुने दप्तर तपासले असता, सोमवार ७ डिसेंबर १८६३ रोजी मा. ब्रेनर्ड यांनी हजेरीस उत्तर दिले, सभापतीच्या निवडीत मत दिले व त्याच दिवशी दुपारी तीन वाजता शपथ घेतली असे आढळले. उभयतांची शपथ एकाच दिवसाची ठरल्याने व आडनावाच्या क्रमाने ब्रेनर्ड आधी येत असल्याने मान त्यांना.' सकाळपासून चार जण अभिनंदन करून गेले. पाद्रीसाहेबही येऊन गेले.

सोमवारी दुपारी तार मिळाली आणि तुम्ही शपथ न घेता तसेच स्टेशनवर गेलात, असं तुम्ही मला सांगितलं होतं.

हे चुकून छापलंय ना? एवढं तारेनं कळवा. तार आता शनिवारची सोमवारी पोचत नाही.

थर्झा


[तार] वॉशिंग्टन, २३ नोव्हेंबर

छापण्यात चूक. काळजी नको. पत्र पाठवतो.
अल्फियस


वॉशिंग्टन, २५ नोव्हेंबर

प्रिय थर्झा,

तार पाठवली आणि कचेरीच्या पायऱ्या उतरता उतरता लाज वाटली. छापण्यात चूक नाही.

तुझी तार मला शनिवारी मिळाली. पाच डिसेंबर, दुपारी चारच्या सुमाराला, हॉटेलात. लेव्हाय खरं बोलत होता. सहाची गाडी होती. मी पेटी भरली, कोट घातला आणि पलंगावर बसलो. मनात म्हटलं, मुलांचे घसे धरतात आणि सुटतात. डॉक्टर आहे, तू आहेस. सोमवारी सभापतीची निवड होती, लढाई चालू होती, एकेक मत मोलाचं आहे असं आमचे पुढारी सांगत होते. ही सबब मी स्वतःला इतकी वर्षं दिली. पण खरं सांगतो, आमचा माणूस माझ्या मताशिवायही सहज निवडून आला असता. मी थांबलो ते पहिल्या दिवशीच्या यादीत नाव यावं म्हणून. नवा होतो, चौतीस वर्षांचा. जो पहिल्या दिवशी नसतो त्याला समित्या उरल्यासुरल्या मिळतात, असं कुणीतरी जेवताना म्हणालं होतं.

सोमवारी तीनला शपथ घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं निघालो. शनिवारीच निघालो असतो तर सोमवारी दिवेलागणीला घरी असतो. तो मंगळवारी पहाटे गेला. हा हिशेब मी रोज करतो, तुला करून दाखवायची गरज नाही.

बुधवारी तू दारात उभी होतीस. "तार केव्हा मिळाली?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, सोमवारी. तोंडून निघून गेलं. लेव्हायचा विचारही माझ्या मनात नव्हता. मग तू वळून त्याच्याकडे बघितलंस. तो चुलीपाशी उभा होता. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. मी कोट काढून खुंटीला लावला.

त्यानंतर दर वर्षी ते वाक्य जास्त जड होत गेलं. परिचयाच्या पुस्तकात लिहिलं ते खोटं पक्कं करायलाच. आता तेच माझ्या आड आलं, आणि स्टौफरच्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. वॉशिंग्टनची बातमी ईस्ट हॅलमपर्यंत येणार नाही, असं मी स्वतःला समजावलं.

तू म्हणशील तर मी नाव मागे घेतो. चिटणिसांना सांगतो की माझ्या नावाला दुसऱ्याच कुणी उत्तर दिलं होतं. स्टौफर देईल शपथ. मी मागे बसेन. तू फक्त लिही.

अल्फियस


लेव्हायच्या घरून, ३० नोव्हेंबर

अल्फियस,

पत्र मिळालं त्याच दुपारी हल्डाच्या घोडागाडीनं इकडे आले. तेव्हापासून इथेच आहे.

त्यानं दार उघडलं नाही, कारण त्याला उठवत नाही. मीच आत गेले. "कोण, हल्डा?" म्हणाला. मी म्हटलं, मी आहे. त्यानं पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाला, "बस. खुर्चीचा डावा पाय मोडका आहे, सांभाळून."

मी तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. सगळं. मला वाटलं रडेल, ओरडेल, मला घालवून देईल. तयारीनंच गेले होते. तो छताकडे बघत होता. वाचून झालं तेव्हा म्हणाला, "म्हणजे मी दिली होती."

मी म्हटलं, तू तेव्हापासून तेच सांगतोयस. तर म्हणाला, "पहिली आठ-दहा वर्षं सांगत होतो, ताई. पुढे मलाच खात्री राहिली नाही. सगळं गाव म्हणतंय, तू म्हणतेस, अल्फियस खोटं कशाला बोलेल. मला वाटायला लागलं, आधी प्यायलोच असेन. गाडीतच झोपलो असेन. स्वप्नातच तारेवाल्याला कागद दिला असेन. मग मी पोराला मारलं असं धरून चालायला लागलो. तसं धरलं की झोप येई."

हे तुम्हाला शब्द न् शब्द लिहिते आहे, कारण हे तुम्ही ऐकायला हवं आणि तुम्हाला ऐकू येत नाही.

त्या सोमवारी रात्री वॉरननं कुजबुजत तुमच्याबद्दल किती वेळा विचारलं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्हाला त्रास होईल म्हणून. लेव्हाय त्याला मांडीवर घेऊन बसला होता. "आलेच बाबा, आलेच, गाडी पुलावर आली," असं पहाटेपर्यंत सांगत होता. आणि बुधवारी मी त्याच माणसाला खुनी म्हटलं.

आता नाव मागे घेण्याबद्दल. घेऊ नका. आणखी एक खोटं चिटणिसांच्या दप्तरात घालून मला खूश करायला जाऊ नका. तुम्ही तिथे होतात. पहिल्या दिवशी होतात. ते लिहिलेलं राहू दे, आणि तुम्ही त्यावर सगळ्यांसमोर उभे राहा. माझ्याकडून तुम्हाला तेवढीच शिक्षा आहे.

मी येत नाही. झगा हल्डाच्या सुनेला दिला.

थर्झा


वॉशिंग्टन, ६ डिसेंबर

प्रिय थर्झा,

तू सांगितलंस तसं केलं. काल मी सभापतींना शपथ दिली. शपथेचे शब्द मला पाठ आहेत, पण मधल्या एका ओळीला अडलो. सगळ्यांना वाटलं वयामुळे.

मग जागा. सव्वातीनशे जण कठड्यामागे गेले आणि चिटणिसांनी माझं एकट्याचं नाव पुकारलं. मधली वाट मी एकटा चाललो. एवढं मोठं दालन, रिकाम्या खुर्च्या, आणि मागे सगळे बघताहेत. ते टाळ्या वाजवत होते असं नंतर कळलं. मला फक्त माझे बूट ऐकू येत होते. मी पहिल्या रांगेतली, वाटेच्या कडेची खुर्ची घेतली आणि बसलो. बाकीचे येईपर्यंत तासाहून जास्त वेळ लागला. तेवढा वेळ मी तिथे एकटाच होतो. उठून जाता येत नाही, उठलं की जागा जाते.

स्टौफर सर्वांत शेवटी आला. यंदा त्याची गोटी वाईट होती. माझ्यापाशी थांबून वाकला आणि उजव्या कानाशी म्हणाला, "इतकी वर्षं मला तुमचा हेवा वाटायचा. माझा मुलगा पंच्याहत्तर साली गेला. मी इथेच होतो. मनात म्हणायचो, ब्रेनर्ड गेला आणि आपल्याच्यानं झालं नाही." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो मागे जाऊन गॅलरीखाली बसला.

इथून सगळं ऐकू येतं. पहिल्या दिवशी काही महत्त्वाचं बोलत नाहीत.

नाताळच्या सुट्टीत यावं का? लेव्हायला भेटायचं आहे. त्याच्यापुढे मला काय बोलायचं ते माहीत नाही, पण यायचं आहे. तुझा शब्द येईपर्यंत निघत नाही.

तुझा,
अल्फियस


ईस्ट हॅलम, १४ डिसेंबर

अल्फियस,

लेव्हाय शनिवारी दुपारी गेला. शेवटचे दोन दिवस शुद्धीत नव्हता, त्यामुळे तुमचं पत्र त्याला वाचून दाखवता आलं नाही. काल पुरला. जमीन अजून पुरती गोठलेली नव्हती, म्हणून वसंतापर्यंत थांबावं लागलं नाही. चर्चमध्ये मी त्याच्या बाकावर बसले आणि पाद्रीसाहेबांना सांगून वर्तमानपत्रातली बातमी आणि तुमच्या कबुलीच्या पत्राचं पहिलं पान वाचायला लावलं. तुमच्या गावात आता सगळ्यांना माहीत आहे. बाहेर पडताना म्हातारा डॉक्टर एकटा टोपी काढून पेटीपाशी उभा राहिला.

वॉरनच्या दोन्ही बाजूंची जागा आपण तेव्हाच राखून ठेवली होती, एक माझी आणि एक तुमची. तुमच्या जागेत लेव्हायला ठेवलं. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, पण पत्र जाऊन उत्तर यायला आठ दिवस लागतात, आणि मला थांबायचं नव्हतं. शेवटच्या रात्री वॉरनजवळ जो होता, त्यालाच मी त्याच्या शेजारी ठेवलं.

नाताळला या. घर तुमचं आहे, मी नाही म्हणणार नाही. दिव्याजवळच्या खुर्चीत बसा, तिथे थोडंफार ऐकू येतं. पण वॉरनबद्दल माझ्याशी बोलू नका.

थर्झा